दारं धरणाऱ्या पोरांना मूत्रपिंड कसं शिकवायचं

मॅडम, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. एम.फार्म. करून सीमाभागातल्या कॉलेजात तुम्ही नुकत्याच लागलात. पहिल्या सेमिस्टरची फिजिऑलॉजी आणि पाचव्या सेमिस्टरची फार्माकॉलॉजी असे दोन्ही विषय तुमच्याकडे आलेत. पाचव्याची मुलं औषधांचं क्लासिफिकेशन न अडखळता म्हणून दाखवतात, पण 'ही गोळी पोटात गेल्यावर पुढं काय होईल' असं विचारलं की खाली बघतात. प्रत्येक धड्याआधी फिजिऑलॉजी परत शिकवावी तर ४५ तासांत पोर्शन संपत नाही, न शिकवावी तर पुढचं काही डोक्यात शिरत नाही. त्यात निम्मी मुलं मराठी माध्यमाची, निम्मी कन्नड, आणि पुस्तक इंग्रजी. तर फिजिऑलॉजी परत शिकवू की नको, असं तुम्ही विचारलंय.

बेळगाव आणि आसपास वीस वर्षांहून जास्त काळ मी हे दोन विषय शिकवतोय. माझं उत्तर असं की पहिल्या सेमिस्टरला जशी शिकवतात तशी फिजिऑलॉजी परत शिकवू नका. प्रत्येक अवयवाबद्दल एकच प्रश्न परत विचारा: इथं काही बिघडलं, तर शरीर ते सावरायला काय करतं? पुढचं सगळं उत्तर या एका प्रश्नाभोवतीच आहे.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगतो. तुमचा वर्ग बी.फार्म.चा आहे म्हणून मी त्या हिशोबानं लिहितोय. डी.फार्म.ला पहिल्या वर्षी फिजिऑलॉजी आणि लगेच दुसऱ्या वर्षी फार्माकॉलॉजी येते, त्यामुळं तिथं विसरायला वेळ कमी मिळतो, पण खोलात जायलाही कमी मिळतो. तिथं यातलं निम्मंच चालेल. वर्ग शंभरचा असेल तर मी पुढं सांगतोय त्या जोड्या लावणं अवघड जातं, साठपर्यंत जमतं. आणि दोन्ही विषय एकाच माणसाच्या हातात असणं ही फार मोठी सोय आहे. ती टिकेल तोवर वापरा. पुढच्या वर्षी वेळापत्रक बदललं आणि पहिल्या सेमिस्टरचा विषय दुसऱ्याकडे गेला, तर त्या शिक्षकाबरोबर बसून एक-दोन चित्रं तरी ठरवून घ्या.

आता खरी अडचण. हृदय आणि रक्ताभिसरण मुलं पहिल्या सेमिस्टरला शिकतात, मूत्रपिंड दुसऱ्याला, आणि त्यावरची औषधं थेट पाचव्याला. मधे दीड-दोन वर्षं जातात, म्हणून विसरतात, असं आपण सगळे म्हणतो. मीही पुष्कळ वर्षं तसंच म्हणायचो. पण विसरणं हे निम्मंच कारण आहे. फिजिऑलॉजीत आपण भागांची नावं शिकवतो आणि फार्माकॉलॉजीत औषधांच्या याद्या. या दोन्हींच्या मधे जे आहे, म्हणजे शरीर स्वतःला ठिकाणावर कसं ठेवतं आणि कुणी ढकललं तर उलट कसं रेटतं, ते कुठल्याच तासाला शिकवलं जात नाही. मूल जे कधी शिकलंच नाही, ते विसरणार कुठून?

हे मला कळलं ते माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या फोनमुळं. मुलगा हुशार होता, माझ्याच हाताखाली फर्स्ट क्लासमध्ये पास झालेला, तालुक्याच्या गावी मेडिकलमध्ये काम करत होता. त्याच्याकडे एक आजोबा दर महिन्याला बीपीची गोळी, एनालाप्रिल, आणि जोडीला पाण्याची गोळी, म्हणजे लघवी वाढवणारं डाययुरेटिक, न्यायचे. गुडघे दुखायला लागले म्हणून त्यांनी चिठ्ठीशिवाय वेदनाशामक गोळ्या मागितल्या आणि यानं दिल्या. उन्हाळ्याचे दिवस, शेतातलं काम. आठ-दहा दिवसांत लघवी कमी झाली, पाय सुजले, रक्तातलं क्रिएटिनिन वाढलं, म्हणजे मूत्रपिंडाचं गाळणं मंदावलं, आणि त्यांना ॲडमिट करावं लागलं. आजोबा वेळेत गेले म्हणून सावरले. मला फोनवर तो मुलगा म्हणाला, "सर, तिन्ही गोळ्या मला पाठ होत्या. पण तीन वेगवेगळ्या धड्यांत."

त्याची चूक होतीच. पण धडे वेगळे मी ठेवले होते. आजच्या अभ्यासक्रमातही पाहा, बीपीची औषधं पहिल्या युनिटला, डाययुरेटिक दुसऱ्या युनिटला आणि वेदनाशामकं तिसऱ्या युनिटला ऑटॅकॉइड्सबरोबर, म्हणजे अंगातच जागच्या जागी बनणाऱ्या रसायनांबरोबर, येतात. तिन्ही औषधांचा परिणाम मात्र एकाच ठिकाणी येऊन पडतो, मूत्रपिंडातल्या त्या इवल्याशा केशवाहिन्यांच्या गुंत्यावर. त्या फोननंतर मी मूत्रपिंड शिकवायची पद्धत बदलली. ती जरा सविस्तर सांगतो, कारण हा एक अवयव नीट शिकवता आला की बाकीचे त्याच वाटेनं जातात.

आपल्या वर्गातली कितीतरी मुलं शेतकऱ्यांची आहेत. गोकाक-हुक्केरीकडची घटप्रभेच्या कालव्याखालची, निपाणी-चिकोडीकडची वेदगंगा-दूधगंगेच्या पाण्यावरची. सुट्टीत घरी गेली की ही मुलं रात्री-अपरात्री वीज येईल तेव्हा दारं धरायला, म्हणजे पाटाचं पाणी एकेका वाफ्यात सोडायला, जातात. कन्नड मुलं त्याला 'नीरु हायिसोदु' म्हणतात, काम तेच. मी फळ्यावर एक वाफा काढतो. वरून पाटाचं पाणी आत येतं ते एक दार, खालून बाहेर पडतं ते दुसरं दार. मग विचारतो, वाफ्यात पाणी मुरायला हवं असेल तर काय कराल? वर्गात कुणीतरी मागच्या बाकावरून सांगतंच: "सर, पाणी उभं राहायला पाहिजे. वरचं दार मोकळं, खालचं जरा दाबून धरायचं." झालं. ग्लोमेरुलस, म्हणजे मूत्रपिंडातला तो केशवाहिन्यांचा गुंता, त्यानं सांगितला.

मग नावं घालायची. वरचं दार म्हणजे आत येणारी धमनिका. ती मोकळी ठेवायचं काम प्रोस्टाग्लँडिन करतात. खालचं दार म्हणजे बाहेर जाणारी धमनिका. ती आवळून धरायचं काम अँजिओटेन्सिन दोन करतो. मधे दाब उभा राहतो आणि त्या दाबावर मिनिटाला साधारण १२५ मिलिलिटर पाणी गाळलं जातं. दिवसाचा हिशोब मुलांना वहीत करायला लावा, १८० लिटर येतो. अंगात प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ भाग, सगळा मिळून तीनेक लिटर, म्हणजे तोच प्लाझ्मा दिवसातून साठेक वेळा गाळला जातो. आणि लघवी होते दीड लिटर. बाकीचं सगळं परत ओढून घेतलं जातं. हा हिशोब मी सांगत नाही, त्यांच्याकडून करून घेतो. स्वतः गुणाकार केलेला आकडा मुलं विसरत नाहीत.

आता गोळ्या एकेक करून वाफ्यावर ठेवायच्या. वेदनाशामक गोळी प्रोस्टाग्लँडिन बनू देत नाही, म्हणजे वरचं दार अर्धं लागलं. एनालाप्रिल अँजिओटेन्सिन दोन बनू देत नाही, म्हणजे खालचं दार ढिलं पडलं. पाण्याची गोळी मुळात पाटातलंच पाणी कमी करते. आणि उन्हात घाम गाळणाऱ्या माणसाच्या पाटाला आधीच पाणी कमी असतं. "आता वाफ्यात किती मुरेल?" एवढं विचारून मी गप्प बसतो. वर्गही थोडा वेळ गप्प असतो. मग बहुतेक वेळा एखादी मुलगी हळूच म्हणते, "काहीच नाही, सर." त्या आजोबांची गोष्ट मी त्यानंतरच सांगतो, आधी नाही.

इथं दोन गोष्टी न चुकता जोडा. पहिली, धडधाकट, पाणी भरपूर प्यालेल्या तरुणानं दोन दिवस वेदनाशामक घेतलं तर त्याचं गाळणं फारसं कमी होत नाही, कारण अंगात पाणी पुरेसं असताना वरचं दार उघडं ठेवायला प्रोस्टाग्लँडिनची फारशी गरज पडत नाही. पाटाला पाणी कमी पडतं तेव्हाच ती लागते. ही बाजू सांगितली नाही तर मुलं 'वेदनाशामक म्हणजे मूत्रपिंडाला विष' असं पाठ करतात आणि पुन्हा पाठांतरच होतं. दुसरी गोष्ट, काउंटरवर त्यांनी करायचं काय ते स्पष्ट सांगा. बीपीची गोळी आपण बंद करायची नाही. नवी वेदनाशामक गोळी द्यायची नाही, घरी कुठल्या गोळ्या चालू आहेत ते विचारायचं, आणि डॉक्टरांकडे पाठवायचं.

उपमेबद्दल एक सावधगिरी. उपमा जिथं तुटते ती जागा आपणच दाखवावी. शेतात दारं माणूस उघडतो-लावतो. मूत्रपिंडात नलिका स्वतःच पुढं गेलेल्या पाण्यातलं मीठ चाखते आणि मागं निरोप धाडते, तिथूनच रेनिनची, म्हणजे ज्याच्यामुळं पुढं अँजिओटेन्सिन बनतं त्या एन्झाइमची, गोष्ट सुरू होते. वाफ्यात मुरलेलं पाणी पिकाला जातं, इथं गाळलेलं पाणी बहुतेक परत रक्तात येतं. मी हे सांगायचं विसरलो त्या वर्षी दोन मुलांनी पेपरात 'गाळलेलं सगळं पाणी ऊतींना मिळतं' असं लिहिलं होतं. उपमा त्यांनी चोख वापरली होती, कुठं थांबायचं ते मी सांगितलं नव्हतं.

डाययुरेटिक मग याच चित्रात खाली उतरतात. गाळलेल्या सोडियमपैकी साधारण ६५ टक्के पहिल्या वळणदार नळीत परत घेतलं जातं, २५ टक्क्यांच्या आसपास हेन्लेच्या वळणाच्या चढत्या जाड भागात, पाचेक टक्के त्यापुढच्या नळीत. फ्युरोसेमाइड यातल्या दुसऱ्या जागी काम करतं, थायझाइड तिसऱ्या. हे तीन आकडे फळ्यावर असले की फ्युरोसेमाइड जोरदार का आणि थायझाइड सौम्य का, हे मुलंच सांगतात. सोडियम वरच्या भागात परत घेतलं गेलं नाही की ते शेवटच्या टप्प्याला जास्त पोहोचतं, तिथं ते आत ओढताना पोटॅशियम बाहेर सोडलं जातं, म्हणून दोन्हींनी पोटॅशियम उतरतं. आणि स्पायरोनोलॅक्टोन त्या शेवटच्या टप्प्यावरच बसतं, म्हणून त्यानं पोटॅशियम वाढतं. साइड इफेक्टचा तक्ता द्यावा लागत नाही. शुगरची नवी औषधं, डापाग्लिफ्लोझिनसारखी, तीही इथंच पहिल्या नळीत बसवा. तिथं सोडियम आणि ग्लुकोज एकाच दारानं जोडीनं आत येतात आणि हे औषध ते दार अडवतं. तसंच जोडीचं दार आतड्यातही आहे आणि ओआरएस त्याच्यावरच चालतं. म्हणून तर त्या पाकिटात मिठाबरोबर ग्लुकोज असतं, लिटरला सोडियम आणि ग्लुकोज ७५-७५ मिलिमोल. १९७१ साली बांगलादेशाच्या निर्वासितांच्या छावणीत, बनगावला, डॉ. दिलीप महालनबीस यांनी ड्रमभर मीठ-ग्लुकोजचं पाणी पाजून कॉलऱ्याचे रुग्ण वाचवले ते या एका दाराच्या जोरावर. आतडं आणि मूत्रपिंड एकाच तासात आल्यावर मुलांच्या चेहऱ्यावर जो उजेड दिसतो, त्यासाठी मी अजून शिकवतोय.

रक्तदाबाला मी वेगळी वाट धरतो. पहिल्याच सेमिस्टरच्या प्रॅक्टिकलला तुम्ही बीपी मोजायला शिकवणारच आहात. फक्त एक पायरी वाढवा. मुलाला पाच मिनिटं आडवं झोपवा, नाडी आणि बीपी घ्या. मग उभं करा आणि लगेच नाडी घ्या. दहा-पंधरा ठोके वाढलेले असतात, बीपी मात्र फारसं हललेलं नसतं. विचारा: रक्त तर पायाकडे उतरलं, मग बीपी पडलं का नाही? गळ्यातल्या आणि महाधमनीतल्या बॅरोरिसेप्टरनी, म्हणजे दाब ओळखणाऱ्या टोकांनी, ते ओळखलं, सिम्पथेटिक नसांनी हृदयाचे ठोके वाढवले आणि रक्तवाहिन्या आवळल्या. हे स्वतःच्या नाडीवर बोट ठेवून कळलेलं असतं. पाचव्या सेमिस्टरला एवढंच म्हणायचं: "तो उभा राहण्याचा प्रयोग आठवतो? आता त्या रक्तवाहिन्या आवळूच दिल्या नाहीत तर?" वाहिन्या आवळू न देणाऱ्या प्रॅझोसिनची पहिली गोळी रात्री झोपतानाच का घ्यायची, हे मग सांगावं लागत नाही. वाहिन्या सैल करणारं हायड्रालाझिन नुसतं दिलं तर छाती का धडधडते, पाणी का साठतं, आणि म्हणून त्याच्या जोडीला बीटा ब्लॉकर आणि डाययुरेटिक का, हेही त्याच प्रयोगातून निघतं. बीपी म्हणजे हृदय मिनिटाला ढकलतं ते रक्त गुणिले वाहिन्यांचा विरोध. एक पारडं आपण खाली दाबलं की शरीर दुसरं वर उचलायला धावतं. ही धावाधाव मुलांना दिसली पाहिजे.

पाय सुजणं आणि कोरडा खोकला, या दोन तक्रारींवर मी प्रत्येकी एक तास देतो. सुजेचा धडा असा की खूण एक आणि कारणं तीन. हृदय मागं पडून शिरांतला दाब वाढला तरी पाय सुजतो, मूत्रपिंडानं पाणी-मीठ धरून ठेवलं तरी सुजतो, आणि ॲम्लोडिपिन या बीपीच्या गोळीनं बारीक धमन्या मोकळ्या झाल्या, पुढं केशवाहिन्यांतला दाब वाढला, तरीही सुजतो. तिसऱ्या सुजेला पाण्याची गोळी फारशी लागू पडत नाही, कारण अंगात पाणी जास्त झालेलंच नाही, ते फक्त वाहिनीबाहेर पाझरलंय. खोकल्याचा धडा काउंटरवरचा. एखादं गिऱ्हाईक महिन्यात तिसऱ्यांदा खोकल्याचं औषध मागायला आलं तर तिसरी बाटली द्यायच्या आधी विचारा, "काका, बीपीची गोळी कुठली घेता?" एनालाप्रिल जे एन्झाइम अडवतं तेच एन्झाइम ब्रॅडिकायनिन नावाचं रसायन मोडत असतं. ते मोडलं नाही की साठतं आणि घशाला खवखव आणतं. श्वसनसंस्था आणि जठराच्या औषधांवर मी इथं थांबत नाही, तीही याच पद्धतीनं होतात.

ऑटोनॉमिक, म्हणजे आपल्या इच्छेशिवाय आपोआप चालणारी, मज्जासंस्था मात्र सोडून चालणार नाही. ती चौथ्या सेमिस्टरला येते, तुमच्याकडे नाही, पण ती कच्ची राहिली की पाचव्याची अर्धी औषधं हवेत लटकतात. आपल्या भागात तिच्यासाठी दोन दाखले हाताशी आहेत. निपाणीकडच्या मुलांना तंबाखू सांगायला लागत नाही. ओल्या पानांत काम करून घरी आलेल्या माणसाला मळमळतं, चक्कर येते, उलट्या होतात, हे त्यांना माहीत असतं. निकोटिन ओल्या पानातून कातडीवाटे आत गेलेलं असतं. सिम्पथेटिक असो वा पॅरासिम्पथेटिक, दोन्हींच्या गँग्लियावर, म्हणजे नसांच्या गाठींवर, निकोटिनिक रिसेप्टरच आहेत, म्हणून लक्षणं दोन्हीकडची मिसळून येतात. निकोटिनचा पॅच कातडीवर चिकटवून का चालतो, तेही याच पानावर.

दुसरा दाखला फवारणीचा. भाजीच्या, बटाट्याच्या रानात वाऱ्याच्या उलट्या दिशेनं फवारणारा माणूस मुलांनी पाहिलेला असतो. ऑर्गॅनोफॉस्फेटची बाधा झाली की तोंडाला लाळ, डोळ्यांना पाणी, छातीत घरघर, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, जुलाब, मंद नाडी, आणि वर स्नायू फडफडणं. ही यादी पाठ करायला देऊ नका. नसांचा निरोप नेणारं ॲसिटिलकोलिन मोडणारं एन्झाइम बंद पडलंय, आता ते कुठं कुठं साठेल, असं विचारून मुलांनाच यादी करायला लावा. मग विचारा, ॲट्रोपिन दिल्यावर यातलं काय थांबेल आणि काय थांबणार नाही? लाळ, घरघर आणि मंद नाडी आवरेल, कारण ती ॲसिटिलकोलिनच्या मस्करिनिक रिसेप्टरवर चालतात आणि ॲट्रोपिन तेवढेच अडवतं. स्नायूंचं फडफडणं आणि अशक्तपणा आवरणार नाही, कारण ते निकोटिनिक. म्हणून प्रॅलिडॉक्सिम, आणि तेही लवकर, कारण वेळ गेला की विष एन्झाइमला कायमचं चिकटून बसतं. ज्या मुलाला हे दोन रकाने पाडता आले, त्याला ऑटोनॉमिक आली असं मी समजतो.

याच ठिकाणी ऑटो लोवीचा १९२१ सालचा प्रयोग सांगा. बेडकाची दोन हृदयं. एकाची व्हेगस नस चेतवली, ते मंदावलं. त्याच्याभोवतीचं द्रव काढून दुसऱ्या हृदयावर घातलं, तर तेही मंदावलं. त्याला कुठली नस जोडलेली नव्हती. नसेचा निरोप रसायनातून जातो हे तिथं दिसलं, आणि त्यासाठी १९३६ साली त्यांना हेन्री डेल यांच्याबरोबर नोबेल मिळालं. आता बेडूक नाहीत, सगळं सॉफ्टवेअरवर चालतं. पण स्क्रीनवर आलेख दाखवायच्या आधी पाच मिनिटं हा प्रयोग तोंडानं सांगितला, तर मुलं आलेखाकडे वेगळ्या नजरेनं बघतात. सर्पगंधेतून काढलेलं बीपीचं औषध रिझर्पीन, तेही मी याच कारणासाठी शिकवतो. ते आता फारसं कुणी देत नाही, तरी सर्पगंधेवरचा मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांचा १९४९ सालचा लेख ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये आला आणि जगानं दखल घेतली, हे आपल्या मुलांना ठाऊक असावं. औषधही शिकवायला उत्तम आहे: नॉरॲड्रेनालिनच्या पिशव्या रिकाम्या केल्या की बीपी उतरतं, आणि नाक चोंदणं, जुलाब, उदासी हे सगळं त्या रिकाम्या पिशव्यांवरूनच सांगता येतं.

आता वेळेचा प्रश्न, कारण तुमची खरी काळजी तीच दिसते. हृदय आणि रक्तवाहिन्यांवरच्या औषधांना अभ्यासक्रमात १० तास आहेत. त्यातले पहिले ३ तास मी एकाही औषधाचं नाव घेत नाही. फक्त चित्र आणि 'शरीर काय करेल' हा प्रश्न. पहिल्या वर्षी असं केलं तेव्हा मीच घाबरलो होतो. पण उरलेले ७ तास पुरले, कारण साइड इफेक्ट आणि औषधांच्या जोड्या सांगण्यात जो वेळ जायचा तो वाचला, ते मुलंच सांगायला लागली. त्यासाठी चित्र मात्र एकच हवं. पहिल्या सेमिस्टरला प्रत्येकाच्या वहीत मधल्या दोन पानांवर मिळून मी हृदय, रक्तवाहिन्या, मूत्रपिंड आणि त्यांना जोडणाऱ्या नसा असं एक मोठं चित्र काढून घेतो. पेन्सिलीनं, मोकळ्या जागा सोडून. ती वही टाकायची नाही. दुसऱ्या सेमिस्टरला त्यात नेफ्रॉन भरला जातो, चौथ्याला रिसेप्टर, पाचव्याला औषधं लाल पेननं. तुमच्या आताच्या पाचव्याच्या मुलांकडे ते चित्र नसणार. त्यांच्याकडून एका तासात काढून घ्या, सुबक आलं नाही तरी चालेल.

भाषेबद्दल माझं मत ठाम आहे. पेपर इंग्रजीत आहे, म्हणून लिहायचं इंग्रजीतच. पण 'का' या प्रश्नाचं उत्तर मूल आधी ज्या भाषेत विचार करतं त्या भाषेत द्यायला हवं. मी बाकावर मुद्दाम जोड्या लावतो. खानापूरचा मराठी मुलगा आणि बैलहोंगलची कन्नड मुलगी शेजारी. तासाच्या मधे पाच मिनिटं देतो: आता शिकवलं ते शेजारच्याला समजावून सांगा, हव्या त्या भाषेत. दोघांना एकमेकांची भाषा मोडकीतोडकी येते, त्यामुळं शब्दांच्या आड लपता येत नाही, गोष्ट उलगडून सांगावीच लागते. शिवाय अर्धे शब्द सामाईक निघतात. हृदय दोन्हीकडे हृदय, मूत्रपिंड दोन्हीकडे मूत्रपिंड, यकृताचं तिकडे यकृत्तु होतं एवढंच. फुप्फुसाला ती श्वासकोश म्हणते आणि तो शब्द आमच्या मुलालाही लगेच कळतो. उद्या यातला कुणीही काउंटरमागं उभा राहिला तर समोरचं गिऱ्हाईक दोन्हीपैकी कुठल्याही भाषेत विचारणार आहे. म्हणून तोंडी परीक्षेला माझा शेवटचा प्रश्न ठरलेला असतो: "मी तुझी आजी आहे. ही गोळी उपाशीपोटी का, ते मला सांग." आजीला सांगताना 'इन्हिबिशन' म्हणता येत नाही.

विद्यापीठाच्या ७५ गुणांच्या पेपरात 'क्लासिफाय' येणार, ते आपल्या हातात नाही आणि त्याची तयारी करून घ्यावीच लागते. वर्गीकरण पाठ असणं चांगलंच आहे, ते फक्त शेवटी यावं. आपल्या हातात इंटर्नलचे २५ गुण आहेत. त्यातला एक प्रश्न तरी माणसाचा घाला. मी बरेचदा हा घालतो: इन्सुलिन घेणाऱ्या बाईंना प्रोप्रॅनोलॉल हा बीटा ब्लॉकर चालू केला. आता शुगर एकदम उतरली तर त्यांना काय जाणवणार नाही आणि काय जाणवेल? धडधड आणि थरथर जाणवणार नाही, हे बरीच मुलं लिहितात, कारण ती बीटा रिसेप्टरवर चालतात. घाम मात्र येत राहतो, कारण घामाच्या ग्रंथींना जाणारी नस सिम्पथेटिक असूनही तिच्या टोकाला ॲसिटिलकोलिन सुटतं. ही दुसरी ओळ कारणासकट लिहिणारी मुलं, हा प्रश्न पहिल्यांदा घातला त्या वर्षी, साठात तीन निघाली होती. ती तीन उत्तरं मी वर्गात वाचून दाखवली. एक खानापूरच्या, मागच्या बाकावर बसणाऱ्या मुलाचं होतं, इंग्रजी अशुद्ध, पण लिहिलं होतं की बाईंना सांगावं, घाम फुटला की थांबायचं नाही, लगेच साखर खायची.

सोमवारी तुमचा पाचव्याचा तास असेल तर पुस्तक बंदच ठेवा. फळ्यावर एक वाफा काढा, दोन दारं दाखवा, आणि वर्गात कुणाच्या घरी ऊस आहे ते विचारा. बाकीचं तो सांगेल.